ययातीचे म्हातारपण आणि पुरूची बायको

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या घरी हळदीच्या बेण्याची निवड चालली होती. ओसरीवर जेठ्या गड्ड्यांचा ढीग, भोवती आई, वहिनी, शेजारच्या दोन काकू आणि चार दिवसांच्या रजेवर गेलेला मी. गड्डा पन्नास ग्रॅमच्या खाली नको, मुळ्या साफ केलेला असावा, सड लागलेला एकही बेण्यात जाऊ नये, हे मी तीस वर्षे गावोगाव सांगत हिंडलो आहे. पण आमच्या घरात माझे ऐकतो कोण? वहिनींचा हात गड्ड्यावरून फिरला की निवड झाली. तेव्हा दुसऱ्या कामाला लागलो, म्हणजे गोष्ट सांगायला. आईनेच फर्माईश केली होती.

"तुझी आजी सांगायची ती ययातीची सांग रे. मला सगळी आठवत नाही आता."

मी सांगत गेलो. शुक्राचार्यांचा शाप झाला, राजा क्षणात म्हातारा झाला, एकेका मुलाला विचारत सुटला, चौघांनी नाही म्हटले आणि धाकट्या पुरूने बापाचे म्हातारपण आपल्या अंगावर घेतले, इथपर्यंत गोष्ट आली. काकूंनी हात जोडले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. वहिनींनी मात्र ढिगावरची नजर न काढता विचारले,

"आणि त्याची बायको?"

"कुणाची?"

"त्या पुरूची. रात्रीत म्हातारा झाला ना तो? तिला कुणी विचारलं का, भाऊजी?"

मला उत्तर आले नाही. आजीच्या गोष्टीत पुरूला बायकोच नव्हती.

वाचकहो, आमच्या वहिनी सातवी शिकलेल्या आहेत. गिरीश कार्नाड हे नाव त्यांनी सिनेमातला नट म्हणून ऐकले असेल तर असेल. पण जो प्रश्न त्यांनी हळद निवडता निवडता विचारला, त्याच प्रश्नाभोवती या कार्नाडांनी वयाच्या बाविसाव्या वर्षी एक अख्खे नाटक उभे केले होते. ते नाटक कानडीत १९६१ साली छापून आले. जुनी गोष्ट नव्याने कोण सांगतो, कशासाठी सांगतो आणि तिच्यात काय बदलतो, याबद्दल या साप्ताहिकात लिहावे असे तेव्हापासून मनात होते. शेतीखात्याच्या माणसाने असले उद्योग कशाला करावेत, असे कोणी म्हणेल. पण पुढे वाचलेत तर सातबाऱ्यापर्यंत येऊनच थांबतो, याची खात्री बाळगा.

ज्यांना गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी ती थोडक्यात सांगतो. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे. असुरांचा राजा वृषपर्वा, त्याचे गुरू शुक्राचार्य. गुरूची मुलगी देवयानी, राजाची मुलगी शर्मिष्ठा. दोघी मैत्रिणी. एकदा पाण्यात खेळताना काठावरची वस्त्रे वाऱ्याने एकमेकांत मिसळली आणि शर्मिष्ठेने चुकून देवयानीचे वस्त्र नेसले. त्यावरून भांडण पेटले. तुझा बाप माझ्या बापाच्या दानावर जगतो, असे शर्मिष्ठा बोलून गेली आणि तिने देवयानीला गवताने झाकलेल्या विहिरीत ढकलून दिले. शिकारीला आलेला तहानलेला ययाती तिथे पोहोचला. त्याने तिचा उजवा हात धरून तिला वर काढले. (आजी इथे थांबून आम्हा पोरांना दम भरायची की पडक्या विहिरीकडे फिरकायचे नाही. गोष्टीतला हा भाग तिने स्वतः घातलेला होता.)

देवयानीने बापाकडे हट्ट धरला आणि राजकन्येला आपली दासी करून घेतले. पुढे, तू माझा हात धरलास म्हणून तूच माझा नवरा, असे म्हणत ययातीशी लग्नही केले. शर्मिष्ठेला शय्येवर बोलावू नकोस, अशी शुक्राचार्यांनी ताकीद दिली होती. राजाने ती मोडली. देवयानीला यदू आणि तुर्वसू असे दोन मुलगे, शर्मिष्ठेला द्रुह्यू, अनू आणि पुरू असे तीन. एके दिवशी बागेत खेळणाऱ्या तीन पोरांना देवयानीने विचारले, तुमचे वडील कोण? पोरांनी राजाकडे बोट केले. त्यातून शुक्राचार्यांचा शाप झाला. हातापाया पडल्यावर उ:शाप एवढाच मिळाला की, कोणी आपणहून घेतले तर हे म्हातारपण त्याला देता येईल.

थोरल्या यदूने नाही म्हटले. पांढरी दाढी, गेलेली ताकद, बरोबरीच्यांची चेष्टा, हे मला नको, तुमचे दुसरे लाडके मुलगे आहेत त्यांना विचारा, असे त्याचे म्हणणे होते. बापाने शाप दिला की तुझ्या वंशाला राज्य मिळणार नाही. मधल्या तिघांनाही असेच शाप मिळाले. पुरू हो म्हणाला. ययातीने हजार वर्षे मुलाच्या तारुण्यावर सुख भोगले, मग भोगाने भूक वाढतच जाते हे ओळखून तारुण्य परत केले, पुरूला गादी दिली आणि तो वनात गेला. गादी देताना प्रजेने राजाला विचारले होते की थोरला असताना धाकटा कसा? म्हणजे वाटणीची तक्रार तेव्हाही गावासमोरच आली होती.

ही आमच्या आजीने शेंगा फोडताना सांगितलेली गोष्ट. तिला अक्षर येत नव्हते. श्रावणात देवळात पांडवप्रताप लावत, तो तिने कानाने प्यायलेला, आणि वर चार कीर्तनकारांची भर. श्रीधरस्वामींनी तरी काय केले होते? संस्कृतातले भारत आपल्या काळच्या माणसाच्या तोंडात बसेल अशा ओवीत आणले. कीर्तनकार त्यात गावातली उदाहरणे घालतो. आजी पडकी विहीर घालते. तेव्हा आजचे लेखक पुराणाची मोडतोड करतात, अशी तक्रार कानावर आली की मला हसू येते. आपण रायवळ कोयीच्या रोपावर हापूसचे कलम बांधतो, तेव्हा झाड बाटले असे कोणी म्हणत नाही. मूळ जमिनीत घट्ट हवे आणि बांधणाऱ्याचा हात कसबी हवा, एवढेच आपण पाहतो. हात कसबी नसला तर कलम वाळते, पुस्तकही वाळते. तशी वाळलेली पुस्तकेही पुष्कळ आहेत, त्यांची नावे घेत बसत नाही.

या एका गोष्टीवर मराठीत किती कलमे बांधली गेली पाहा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' हे नाटक आणले. त्यात ययाती नाही, त्याच्या आधीची कच-देवयानीची हकीकत आहे. असुर कचाला मारून, जाळून, त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात, हा मूळचा प्रसंग. खाडिलकरांनी त्यातले मद्य नेमके उचलले आणि एवढा ज्ञानी माणूस दारूपायी काय गमावतो ते रंगभूमीवर दाखवले. मग १९५९ साली वि. स. खांडेकरांची 'ययाति' कादंबरी आली. १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' हे संगीत नाटक आले. त्याला जितेंद्र अभिषेकींचे संगीत आहे, त्यातली पदे आकाशवाणीवर ऐकत आमची पिढी वाढली.

खांडेकर आमच्या सांगलीचे. जन्म ११ जानेवारी १८९८चा. पुढे ते दत्तक गेले, कोकणात शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे त्यांनी मास्तरकी केली आणि मग कोल्हापूरला आले. 'ययाति'ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे त्यांना १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. १९७६ साली ते गेले.

मी ती कादंबरी कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात वाचली, १९८९ साली. एका प्रतीचे पुठ्ठे निखळले होते आणि ती सोळा जणांच्या हातांतून फिरत होती. पोरे त्यातली सुभाषितासारखी वाक्ये वहीत उतरवून घेत आणि मग ती पत्रात घालत. पत्र कोणाला जायचे ते विचारू नका. खांडेकरांनी एक मोठी युक्ती केली. गोष्ट बाहेरून न सांगता ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली. त्यामुळे आजीच्या गोष्टीत जी देवयानी नुसती तुसडी होती, ती इथे निदान आपली बाजू मांडू लागली. कच मूळ गोष्टीत विद्या घेऊन निघून जातो. खांडेकरांनी त्याला परत आणला आणि भोगाच्या मागे धावणाऱ्या राजासमोर संयमाचा नमुना म्हणून उभा केला. ययाती म्हणजे सुखाची साधने वाढली तरी समाधान न मिळणारा आजचा माणूस, हे त्यांना दाखवायचे होते. आता इतक्या वर्षांनी वाचताना उपदेश जरा जास्त वाटतो. दर दोन पानांवर शहाणपणाचे वाक्य भेटते. पण रात्री दिवा मालवताना पुस्तक खाली ठेववत नव्हते, हेही तितकेच खरे.

वहिनींनी प्रश्न विचारला त्या रात्री मी माळ्यावरून माझी जुनी प्रत काढली आणि एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. तिघांना आपापले म्हणणे सांगायला मिळाले आहे, पुरूला मिळालेले नाही. ज्याचे तारुण्य गेले त्याच्या तोंडून हकीकत आलेलीच नाही.

आता कार्नाडांकडे येतो. हे कानडी लेखक जन्मले आपल्या माथेरानला, १९३८ साली. वाढले शिरसी-धारवाडला. धारवाडला शिकून त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि विलायतेला, ऑक्सफर्डला जायचे ठरले. त्या काळी घरचा मुलगा परदेशी निघाला म्हणजे परत येईल की नाही, तिकडेच लग्न करील काय, या काळजीने घर ढवळून निघे. कार्नाडांनीच पुढे लिहून ठेवले आहे की, घरात असा ताण चाललेला असताना राजाजींच्या महाभारतात वाचलेली ययातीची गोष्ट त्यांच्या मनात घुसली आणि नाटक जणू आपोआप लिहून झाले. कवी व्हायचे होते, इंग्रजीत लिहायचे होते, आणि हातून आले ते कानडी नाटक. बापाने मुलाचे आयुष्य मागावे, या गोष्टीत त्यांना आपलेच घर दिसले होते.

त्यांनी काय केले? पुरूला बायको दिली. तिचे नाव चित्रलेखा. मूळ महाभारतात या कथेत ती नाही. नवी नवरी घेऊन पुरू घरी येतो, आणि त्याच वेळी बापावर शाप कोसळतो. पुरू म्हातारपण घेतो. चित्रलेखेला आधी नवऱ्याचा अभिमान वाटतो. मग दिव्याच्या उजेडात ती त्याचा चेहरा पाहते आणि हादरते. ती सासऱ्याकडे जाते. म्हणते, माझ्या नवऱ्याचे तारुण्य तुम्ही घेतलेत, मी त्या तारुण्याशी लग्न केले होते, मग आता माझी जबाबदारीही घ्या. सासरा संतापतो. त्याला तारुण्य हवे आहे, त्याच्याबरोबर येणारे ओझे नको आहे. चित्रलेखा विष घेते. तिचे प्रेत पाहून ययातीचे डोळे उघडतात. हजार वर्षांची गरजच राहत नाही, एका रात्रीत निकाल लागतो.

हे मी दुसऱ्या दिवशी ओसरीवर सांगितले. काकूंना पटले नाही. "पोथीत असलं काही नाही," एक म्हणाल्या, आणि ते बरोबरच आहे. सुनेने सासऱ्याला असे बोलावे हे आईलाही रुचले नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी गड्ड्यांची एक पाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. परत आल्यावर एवढेच म्हणाल्या, "ती राजाची लेक होती म्हणून बोलली."

आता आमच्या घराबद्दल लिहिणे भाग आहे. आमचे आबा वाईट माणूस नव्हते. जमीन त्यांनी उपासमारीतून राखली होती. साडेपाच एकर, विहिरीवरची. १९८३ साली बैलाने त्यांना उडवले आणि त्यांचे कंबरडे कायमचे अधू झाले. दादा तेव्हा दहावी होऊन लष्करात भरतीला जाणार होता. मी तेरा वर्षांचा, शाळेत हुशार. आबांनी खाटेवरून विचारले, आता औत कोण धरणार? मी म्हणालो, मला शिकायचंय. दादा काहीच बोलला नाही, सकाळी उठून बैल जुंपले. मला कोणी शाप दिला नाही. उलट मी पदवीधर झालो, नोकरी लागली, गावात सत्कार झाला. दादाच्या पाठीवर आबांची कंबर आली ती आजतागायत.

आबा २०२१ साली, चौऱ्यांशीव्या वर्षी गेले. तोवर सातबारा एकट्या त्यांच्या नावावर. दादा पंचावन्न वर्षांचा झाला होता आणि सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर त्याची सही चालत नव्हती, खाते आबांचे. बियाणे आणायचे तर आबांना विचारा. फवारणीच्या पंपाला पैसे हवेत तर आबांच्या कमरेची किल्ली. ठिबकच्या अनुदानाचे शेकडो प्रस्ताव मी लोकांचे भरून दिले असतील, पण आमच्या घरचा एकही नाही. सातबारा ज्याच्या नावाचा त्याची सही लागते, आणि "नळीनं थेंबथेंब पाणी घालून कुठं ऊस आलाय काय," म्हणून आबांनी ती केली नाही. पाटाने पाणी देऊन देऊन वरचे दीड एकर खारवटून गेले. दादाच्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा वहिनींनी सासऱ्यापुढे पदर पसरला नाही, कानातले मोडले. हे मला आठ वर्षांनी कळले. मी विस्तार अधिकारी! तालुक्याला सल्ला देत होतो.

अशी घरे तुमच्याही गावात असतील. मी जिथे जिथे नोकरी केली तिथे ती पाहिली. साठीचा मुलगा बापाच्या परवानगीने कोळपे चालवतो आणि त्याची बायको आपल्या चाळिशीत, पन्नाशीत 'धाकटी' म्हणूनच वावरते. म्हाताऱ्यांचीही बाजू आहे, ती ऐकल्याशिवाय त्यांना नावे ठेवणे बरे नव्हे. त्यांना भीती वाटते. जमीन नावावर करून दिली आणि उद्या ताटात वाढले नाही तर? ही भीती खोटी नाही, एस.टी. स्टँडवर बसलेले म्हातारे मी पाहिले आहेत. मी वकील नव्हे, पण दोन गोष्टी ठाऊक आहेत त्या सांगून ठेवतो. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली आणि मुलाने सांभाळ केला नाही, तर ते देणेच रद्द करून घेण्याची सोय ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्याच्या कलम २३मध्ये आहे. मात्र अट कागदावर लिहून घ्यावी, नुसती तोंडी नको. आणि सगळे हिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आबांच्या मागे सातबाऱ्यावर वारसांची चार नावे लागली. आई, दादा, मी आणि ताई. ताई आमच्यात थोरली, दोन तालुके पलीकडे दिलेली. आता एक गोष्ट कबूल करतो. माझा हिस्सा दादाला सोडायचा, हे माझ्या मनात होतेच. पण त्याबरोबर ताईच्याही हक्कसोडपत्राचा मसुदा मी तयार करून आणला होता. तिला न विचारता. सगळीकडे असेच करतात, बहिणी सही देतात, साडीचोळी होते, प्रश्न मिटतो. मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे २००५च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट झाले ते मला पाठ होते. पाठ असणे वेगळे.

आखितीला ताई माहेरी आली होती. त्या रात्री जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "मी नसताना लई गोष्टी झाल्या म्हणे. मला पण सांग की एखादी." मी उद्योगपर्वातली काढली. ययातीचीच, पण खांडेकरांत नसलेली, कार्नाडांच्या नाटकातही नसलेली. आजीलाही ती बहुधा ठाऊक नव्हती.

ययातीला एक मुलगीही होती, माधवी. विश्वामित्रांचा शिष्य गालव याला गुरुदक्षिणेसाठी आठशे घोडे हवे होते, चंद्रासारखे पांढरे आणि एक कान काळा असलेले. तो ययातीकडे मागायला आला. राजाकडे तसे घोडे नव्हते, पण याचकाला रिकाम्या हाताने पाठवले तर नावाला बट्टा लागेल. म्हणून त्याने आपली मुलगीच देऊन टाकली, हिच्या बदल्यात मिळव म्हणून. गालव तिला घेऊन एकामागून एका राजाकडे गेला. तीन राजांनी दोन-दोनशे घोडे दिले आणि प्रत्येकी एक मुलगा घेतला. उरलेल्या दोनशे घोड्यांच्या बदल्यात खुद्द विश्वामित्रांनीच तिला ठेवून घेतले. चार मुलगे झाले, चारही तिथल्या तिथे राहिले. ती परत आल्यावर बापाने तिचे स्वयंवर मांडले. जमलेल्या राजांपुढून ती सरळ चालत गेली आणि तिने वनाला वरले. हिंदीतले मोठे लेखक भीष्म साहनी यांनी या मुलीवर 'माधवी' नावाचे नाटक लिहिले आहे. बापाचे दातृत्व, गुरूचा हट्ट आणि शिष्याची निष्ठा, सगळ्यांच्या मोठेपणाची किंमत मोजणारी एकटी ती.

"मग?" ताईने विचारले.

"मग पुढं ययाती स्वर्गात गेला. तिथं गर्व केला म्हणून खाली पडला. पडला तो नेमका त्या चार नातवंडांच्या यज्ञापाशी. माधवी तिथं आली. तिनं आपलं अर्धं पुण्य बापाला देऊ केलं, नातवांनीही दिलं. त्यावर तो परत वर गेला."

ताई बराच वेळ दिव्याकडे बघत बसली. मग हसली. "म्हणजे खाली पोरानं निभावलं आणि वर लेकीनं. राजा मोठा नशिबाचा बाई." आणि थोड्या वेळाने, "तू तो कागद आणलायस म्हणे. वहिनी सांगत होती. आण बघू."

मी आणला. तिने चष्मा लावून पूर्ण वाचला. तालुक्याच्या लिखापढीत लिहिलेला, स्वखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय वगैरे. वाचून तिने तो घडी घालून माझ्याकडे परत दिला. "दादाला माझ्या हिश्शाचं पीक पोटभर खाऊ दे. मी कधी अडवणार नाही. पण माझं नाव नको खोडू. एवढं एकच नाव आहे माझं या गावात."

दादा उंबऱ्याशी बसून सुपारी कातरत होता. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "राहू दे की. नाव काय पाणी पितंय?"

माझे हक्कसोडपत्र मागच्या महिन्यात दुय्यम निबंधकांकडे नोंदवून झाले. ताईचे आणि आईचे नाव आहे तसे राहील. दादाने वहिनींचे नाव आपल्याबरोबर सोसायटीच्या सभासदत्वाला लावायचा अर्ज दिला आहे. खारवट दीड एकराला चर काढून निचरा करायचा आणि मग ठिबक बसवायचे असे ठरले. प्रस्ताव मीच लिहून देणार आहे, मापे घेऊन झाली. वाचनालयातून कार्नाडांचे पुस्तक मिळते का म्हणून वहिनींनी पुतणीकरवी चौकशी केली. आमचे वाचनालय लहान, 'ड' वर्गातले. तिथे 'मृत्युंजय'च्या दोन फाटक्या प्रती आणि इरावतीबाई कर्व्यांचे 'युगान्त' आहे, हे पुस्तक नाही. मी शहरातून आणून देतो म्हटले आहे. तोवर त्या 'युगान्त' वाचत आहेत. द्रौपदीच्या प्रकरणापाशी दोन दिवस थांबल्या होत्या, असे आई सांगते.

फेरफाराची नोटीस तलाठ्यांनी लावली. पंधरा दिवसांच्या मुदतीतले अजून सहा दिवस बाकी आहेत.